प्रवाळ मत्स्यालय, घरगुती : वीजपुरवठा

सातारा-सांगली भागात जिवंत प्रवाळ आणि सागरी मासे असलेल्या मोठ्या घरगुती टाकीसाठी (साधारणतः ५०० लिटर व त्यापुढे) विजेचा भार, संरक्षण आणि पर्यायी पुरवठा यांची केलेली आखणी. गोड्या पाण्याच्या टाकीचे एका फिल्टरवर आणि एका दिव्यावर भागते. प्रवाळांना अखंड फिरते पाणी, तीव्र प्रकाश आणि २४ ते २७° से.च्या आसपासचे स्थिर तापमान लागते. सातारा-सांगलीला समुद्र जवळ नसल्याने आरओच्या पाण्यात कृत्रिम सागरी मीठ मिसळून खारे पाणी घरीच तयार करावे लागते.

भार : १,००० लिटरच्या टाकीचा एक नमुना हिशोब असा : एलईडी दिवे ६०० वॉट, रिटर्न पंप (गाळलेले पाणी टाकीत परत चढवणारा) ८०, लाटा निर्माण करणारे चार पंप मिळून १६०, प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा) ५०, डोसिंग पंप (क्षार मोजून सोडणारे) व नियंत्रक ५०, चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) ६००. एकूण १,५४० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ६.७ अँपिअर. १६ अँपिअरच्या एका स्वतंत्र लाईनवर हा भार सहज बसतो. चिलरचा काँप्रेसर मात्र सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढतो, म्हणून त्याच्यासाठी असा क्षणिक झटका सोसणारा सी वर्गाचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप तुटणारा स्विच) निवडतात. थंड देशांतील कोष्टकांत हीटर सर्वांत मोठा धरलेला असतो. ती कोष्टके इकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, कारण सांगलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडतो आणि खरा भार चिलरचाच राहतो. साताऱ्यात हिवाळ्याच्या रात्री हीटर लागतो, पण दोन्ही उपकरणे एका वेळी चालत नसल्याने बेरजेत मोठे तेवढे घ्यावे. दिवे दहा तास, चिलर आठ तास व बाकी सर्व अखंड धरल्यास रोज १९ युनिट, महिन्याला ५७०च्या घरात जातात. महावितरणच्या घरगुती दरांत ५०० युनिटांवरचा टप्पा सर्वांत महाग आहे, आणि घरातला बाकीचा वापर वेगळाच. मंजूर भार अपुरा असल्यास तो आधी वाढवून घ्यावा.

गळती-प्रवाह संरक्षण : खाऱ्या पाण्याची विद्युत् संवाहकता नळाच्या पाण्याच्या सुमारे शंभरपट असते. पंपाच्या आवरणाला केसाएवढी चीर पडली तरी टाकीभर करंट उतरतो. एमसीबी जादा प्रवाहाला तुटतो. माणसाच्या अंगातून जाणारे ३०-४० मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात. ते काम आरसीसीबीचे, म्हणजे गळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे. त्यात फेज आणि न्यूट्रल एकाच चुंबकीय गाभ्यातून नेलेले असतात. जाणारा व परतणारा प्रवाह यांत फरक पडला की तिसऱ्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होऊन संपर्क उघडतो.

या उपकरणाच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. मूळ तत्त्व जर्मनीतील शुकर्ट कंपनीच्या १९०३च्या सुमाराच्या एकस्वापर्यंत (पेटंटपर्यंत) मागे नेले जाते, पण त्या काळच्या यंत्रणेची संवेदनक्षमता माणसाचा जीव वाचवण्याइतकी नव्हती. दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी खाणींसाठी १९५५-५६च्या सुमारास, ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगलमायर यांनी १९५७च्या आसपास आणि अमेरिकेत चार्ल्स डॅलझील यांनी १९६१च्या सुमारास संवेदनक्षम रूपे घडवली. प्रत्येक देशातील लेखक आपल्याकडच्याला झुकते माप देतात. कालक्रम पाहता रुबिन यांचा दावा जड वाटतो. मर्यादा कुठे आखावी हे मात्र डॅलझील यांच्या मोजमापांवरून अधिक स्पष्ट होते. ६० हर्ट्‌झच्या प्रवाहात ९९.५ टक्के पुरुष ९ आणि स्त्रिया ६ मिलिअँपिअरपर्यंत हातातली तार सोडू शकतात, असे त्यांना आढळले. अमेरिकेतील ५ मिलिअँपिअरची मर्यादा याच विचारातून आली. भारतात व युरोपात रूढ असलेली ३० मिलिअँपिअरची मर्यादा हृदयाचे कंपन टाळण्यावर बेतलेली आहे. झटका बसतोच, पण बहुधा जिवावर बेतत नाही.

मत्स्यालयासाठी १० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यावा असे काही जण सुचवतात. व्यवहारात ते टिकत नाही. एलईडी ड्रायव्हर आणि डीसी पंपांचे अडॅप्टर यांच्या फिल्टरमधून काहीही बिघाड नसताना थोडी थोडी गळती होतच असते. ३० मिलिअँपिअरचे उपकरण १५ ते ३०च्या दरम्यान कुठेही तुटू शकते, म्हणून नेहमीची गळती ९च्या आत राखण्याचा संकेत आहे. सगळी टाकी एकाच आरसीसीबीवर टाकली की एखादा पावसाळी दमट दिवस त्याला पुरतो. मध्यरात्री ट्रिप होऊन पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू उतरतो. त्यामुळे दोन आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेली उपकरणे) लावून रिटर्न पंप एकावर, लाटांचे निम्मे पंप दुसऱ्यावर अशी विभागणी केलेली बरी. अडॅप्टरांची गळती स्पंदित एकदिश स्वरूपाची असू शकते. तिच्यासाठी फक्त प्रत्यावर्ती गळती ओळखणारा एसी प्रकार पुरेसा नाही, दोन्ही ओळखणारा ए प्रकार लागतो. या उपकरणांचे भारतीय मानक आयएस १२६४० हे आहे.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक अडचण हमखास येते. इन्व्हर्टरची लाईन ओढताना वायरमन फेज वेगळी घेतो आणि न्यूट्रल जवळच्या बोर्डातून उचलतो. पंख्या-दिव्यांना त्याने काही फरक पडत नाही, पण आरसीसीबी लावला की तो पहिल्याच क्षणी खाली पडतो. मग ‘आरसीसीबीच खराब आहे’ म्हणून तो काढून ठेवला जातो. दोष न्यूट्रलचा असतो.

अर्थिंग : काळी जमीन ओलावा धरते, त्यामुळे सांगलीच्या नदीकाठच्या भागात अर्थिंगचा खड्डा चांगले काम करतो. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळून पट्टीपासून सुटते, तेव्हा खड्ड्यात पाणी घालावे लागते. साताऱ्याच्या खडकाळ, मुरमाड उतारांवर रोध मुळातच जास्त असतो. स्वतंत्र खड्ड्याचा रोध १० ओहम धरला तर फेज आवरणाला लागल्यावर वाहणारा प्रवाह फार तर २३ अँपिअर, आणि एवढ्यावर १६ अँपिअरचा सी वर्गाचा एमसीबी तत्काळ तुटत नाही. त्याला ८० ते १६० लागतात. आरसीसीबी मात्र रोध शेकडो ओहम असला तरी तुटतो. म्हणजे जमीन जितकी खडकाळ, तितकी आरसीसीबीची निकड अधिक.

टायटॅनियमची अर्थिंग सळई पाण्यात सोडावी की नाही, यावर जुना वाद आहे. विरोधकांच्या मते सळईमुळे पाण्यातून कायमचा प्रवाह वाहतो आणि मासे त्रासतात. समर्थकांच्या मते पंप फुटताच आरसीसीबी तुटतो, हात घालणाऱ्याची वाट पाहत बसत नाही. आरसीसीबी असेल तर सळई हिताची आणि नसेल तर ती धोका वाढवू शकते, ही भूमिका अधिक ग्राह्य दिसते. मल्टिमीटर पाण्यात बुडवल्यावर दिसणारे ३०-४० व्होल्ट पुष्कळदा नुसते प्रेरित असतात. थोडासा भार जोडताच ते नाहीसे होतात, तेव्हा त्यांवरून बिघाड ठरवू नये.

पर्यायी पुरवठा : कोयनेचा जिल्हा असला तरी लाईट जायची ती जातेच. अशा वेळी दिवे आणि चिलर सोडून द्यावेत, पाणी फिरते ठेवावे. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवरची असते. बॅटरी फार खोल उतरू नये म्हणून राखलेला भाग आणि इन्व्हर्टरचा व्यय वजा जाता ११००च्या आसपास हाती येतात. त्यावर १०० वॉटचे पंप साधारण अकरा तास चालतात. चौरस तरंगाच्या इन्व्हर्टरवर एसी पंप गुरगुरतात व तापतात, म्हणून साइन वेव्ह घ्यावा. लाईट परत आल्यावर काँप्रेसरला तीन ते पाच मिनिटांचा विलंब द्यावा, नाहीतर दाब उतरण्याआधीच सुरू होण्याच्या प्रयत्नात तो अडकतो. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते तिथे चिलरला स्टॅबिलायझर लागतो.

मांडणी : बोर्ड टाकीखालच्या कपाटात नसावा. तिथे मिठाचे पांढरे थर वायरीवरून चढत सॉकेटपर्यंत पोहोचतात आणि पितळी संपर्क हिरवे पडतात. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एक झोळ घेऊन वर न्यावी, म्हणजे ओघळ तिथेच गळतो. बंद कपाटात ठेवलेला चिलर स्वतःच्याच उष्णतेत तापतो.

सांगलीत बोर्डाची उंची पुरावरूनही ठरवावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. पूरकाळात सुरक्षिततेसाठी पुरवठा बंद ठेवला जातो आणि तो दिवसेंदिवस परत येत नाही, तेव्हा एका बॅटरीचे गणित कोलमडते. नदीकाठच्या वस्तीत तळमजल्याऐवजी वरच्या मजल्यावर टाकी घ्यावी. तेथे एक घनमीटर पाण्याचे टनभर वजन स्लॅबला पेलेल का, हे आधी स्थापत्य अभियंत्याला विचारून घ्यावे. जनित्र वापरायचे झाल्यास ते घराबाहेर, चेंजओव्हर स्विचमधूनच (एका वेळी मुख्य लाईन किंवा जनित्र यांपैकी एकच जोडणाऱ्या) जोडतात.