पुढचं गाणं आधीच सुरू होतं

नव्वदच्या दशकात वाढलेल्या अनेकांना हा अनुभव असेल. रेडिओवर एखादं जुनं गाणं लागतं, संपतं आणि निवेदकानं तोंड उघडायच्या आत डोक्यात भलत्याच गाण्याची सुरावट सुरू होते. दोन्ही गाण्यांचे सिनेमे वेगळे, गायक वेगळे, संगीतकारही वेगळे. त्यांचं नातं एवढंच, की एका भरून घेतलेल्या कॅसेटवर ती लागोपाठ होती.

कॅसेट भरून घेणं हा तेव्हाचा रीतसर व्यवहार होता. वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची आणि दुकानात देऊन यायची. बाजू संपताना दीड-दोन मिनिटांची फीत उरली, तर दुकानदार पदरचं एखादं गाणं तिथं टाकून देई आणि ते ऐन अंतऱ्यात खटकन तुटे. तेच गाणं आज पूर्ण वाजलं, तरी नेमक्या त्या जागी आपण थबकतो. (हा सगळा मामला बेकायदा होता हे गिऱ्हाइकाच्या गावीही नसे. दुकानदाराला ठाऊक असावं, पण तो कशाला बोलतोय!)

ही ‘पुढचं गाणं आधीच’ची गंमत मेंदूत पाहता येते. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्यांच्या पाठ असलेल्या सीडीवरच्या गाण्याचा शेवटचा तुकडा ऐकवायचा आणि मग शांतता ठेवून स्कॅनरमध्ये मेंदू बघायचा. पुढचं गाणं वाजणारच नव्हतं. तरी त्या रिकाम्या सेकंदांत मेंदूचा पुढचा भाग कामाला लागला, आणि त्यातही हालचालींची आखणी करणारा पट्टा. जिना उतरताना पुढची पायरी पायाला आधीच माहीत असावी, तसं हे आहे.

कॅसेटनं ही सवय पक्की केली, कारण तिच्यात उडी मारायची सोय नव्हती. फिलिप्स कंपनीचे अभियंते लू ओटेन्स यांच्या चमूनं १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडली. ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेग. म्हणजे साठच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत झाली. नको असलेलं गाणं टाळायचं तर फॉरवर्ड दाबून अंदाजानं थांबायचं. अंदाज हमखास चुके, मग रिवाइंड, आणि तोवर सेल उतरत. त्यापेक्षा ऐकलेलं बरं! त्यामुळे आवडती-नावडती सगळीच गाणी एकाच क्रमानं शेकडो वेळा कानावरून गेली.

वाट पाहण्यातही सुख असतं. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात आवडत्या संगीतानं अंगावर काटा येतानाच नव्हे, त्याच्या काही क्षण आधीही मेंदूत डोपामिन (सुखाच्या अपेक्षेशी जोडलेलं रसायन) सुटताना दिसलं. आधीचं आणि नंतरचं डोपामिन मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत सुटत होतं.

पण गाणी आपण चाळिशीतही पुन्हा पुन्हा ऐकतो. ती अशी का चिकटत नाहीत? इथं स्मृतीचा एक जुना नियम आडवा येतो. मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांना ‘नदी’, ‘दार’ असे साधे शब्द द्यायचे, त्यावरून सुचेल ती आठवण सांगायला लावायची आणि ती कोणत्या वयातली हे मांडत जायचं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये असे आलेख एकत्र केले. अलीकडच्या आठवणी जास्त येणं साहजिकच होतं, पण साधारण दहा ते तिशीच्या दरम्यान एक ठळक उंचवटा निघाला. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिलं स्वतंत्र घर अशा सगळ्या पहिलेपणाची तिथं दाटी असते. शिवाय ‘मी कोण’ हेही त्याच वयात ठरत असतं. १९८९ च्या एका अभ्यासात गाण्यांची आवडही साधारण चोविसाव्या वर्षी वाजत असलेल्या गाण्यांवर शिगेला पोचलेली दिसली.

तेव्हा ‘आमच्या काळातली गाणीच भारी’ हा दावा मी गाण्यांबद्दलचा पुरावा मानत नाही. त्यातून सांगणाऱ्याचं वय कळतं, बस. त्या काळातली रद्दड गाणी आपण विसरून गेलोय, हेही हिशेबात धरायला हवं.

शिवाय नव्वदचं दशक सगळ्यांचं एकच नव्हतं. रेकॉर्ड काढायला मोठा कारखाना लागे, कॅसेटच्या प्रती मात्र थोडक्या भांडवलात निघत. त्यामुळे भीमगीतं, कोळीगीतं, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं जत्रेतल्या आणि एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांपर्यंत पोचली. कुणाच्या आठवणींचा उंचवटा चित्रपटगीतांचा, तर कुणाचा चौदा एप्रिलच्या लाउडस्पीकरचा. दूरचित्रवाणीवर साजऱ्या होणाऱ्या ‘नाइंटीज’मध्ये हा दुसरा कानावर पडतच नाही, ही मला खटकणारी गोष्ट.

आणखी एक भानगड आहे. कॅसेट कधी हातात न धरलेली मुलंही त्या काळावर जीव टाकतात. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या संशोधकांनी २०१३ मध्ये विशीतल्या तरुणांना जुनी गाणी ऐकवली, तेव्हा आई-वडील ऐन तारुण्यात असतानाच्या गाण्यांवर त्यांच्याही आठवणींचा उंचवटा दिसला. लहानपणी घरात तीच वाजत होती ना!

आता तर संगीत तयार करतानाच त्यात कॅसेटची खरखर मुद्दाम मिसळतात. ती खरखर घालवण्यासाठी रे डॉल्बी यांनी १९६८ मध्ये घरगुती यंत्रांसाठीची पद्धत आणली होती. कॅसेटमध्ये आणखी एक दोष होता. गाणं सुरू व्हायच्या जरा आधी तेच गाणं अगदी पुसट ऐकू येई. फीत गुंडाळलेली असताना एका वेढ्यातलं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर थोडं उमटायचं, त्याची ही करामत. नव्वद मिनिटांच्या पातळ फितीत ते जास्त जाणवे.

आजच्या पंधरा वर्षांच्या मुलांचा उंचवटा आत्ता घडतोय. त्यांची गाणी शफलवर, म्हणजे ठरलेला क्रमच नाही. बरीचशी तर रीलमधल्या तुकड्यांतच भेटतात. त्यांच्या डोक्यात पुढचं गाणं बहुधा वाजणार नाही. माझा अंदाज असा, की तुकडा संपताच हात मात्र त्या नाचाच्या पुढच्या स्टेपला आपोआप उचलला जाईल.