नक्कल खपवून न घेणारी बुरशी

पावावर उगवणारी नारिंगी बुरशी, न्यूरोस्पोरा क्रासा, जनुकशास्त्राच्या इतिहासात १९४१ पासून गाजलेली आहे. बीडल आणि टेटम यांनी जनुक व विकर यांचं नातं तिच्यावरच दाखवलं. पण तिचा खरा स्वभाव कळायला आणखी पन्नासेक वर्षं जावी लागली: एकच डीएनए पुन्हा पुन्हा आलेला तिला चालत नाही.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात एरिक सेल्कर यांच्या गटाला याचा पहिला पुरावा मिळाला. लैंगिक प्रजननाच्या वेळी, दोन केंद्रकं एक होण्याआधी, ही बुरशी दुबार आलेला डीएनए हुडकते. मग डीएनएच्या अक्षरांपैकी सी-जी जोड्यांच्या जागी टी-ए जोड्या येतात आणि दोन्ही प्रती निकामी होतात. मूळ कुठली आणि नक्कल कुठली, असा भेदभाव नाही. हा प्रकार ‘रिप’ या नावाने ओळखला जातो.

१९९२ मध्ये रोममध्ये रोमानो आणि माचिनो यांनी नारिंगी रंगासाठी लागणाऱ्या जनुकाचे तुकडे बुरशीत घातले, तर काही वसाहती पांढऱ्या पडल्या. इथे लैंगिक प्रजननाचा संबंध नव्हता आणि डीएनएचा मजकूरही शाबूत होता. जनुक नुसतं गप्प झालं होतं. काही वसाहती पुढे पुन्हा रंगल्या, त्यांच्यातल्या जादा प्रती कमी झाल्या होत्या. या प्रकाराला ‘क्वेलिंग’ म्हणतात. पेट्यूनियाच्या फुलांत असंच काही १९९० मध्ये दिसलं होतं. क्वेलिंगमागे आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरणारी प्रत, असते. आरएनएमुळे जनुकं गप्प होतात, याचं २००६ चं नोबेल फायर आणि मेलो यांना मिळालं ते कृमीवरच्या १९९८ च्या कामासाठी. ते रास्तच होतं, पण क्वेलिंग न जमणाऱ्या बुरशीच्या वाणांवरून त्यामागची जनुकं शोधण्याचं काम कोगोनी आणि माचिनो यांनी १९९७ मध्येच सुरू केलं होतं, हे सहसा कोणी सांगत नाही.

त्या जनुकांपैकी क्यूडीई-३ हे डीएनएची वीण उलगडणाऱ्या, दुरुस्तीशी नातं असलेल्या विकराचं निघालं. गप्प करणाऱ्या यंत्रणेत ते कशाला? उत्तराचा धागा रायबोझोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, डीएनएत सापडला. या डीएनएच्या शेकडोच्या घरात प्रती एकापुढे एक लागलेल्या असतात आणि त्यांच्यावाचून पेशी जगू शकत नाही. म्हणजे नक्कल न खपवणाऱ्या बुरशीलाही ही एवढी रांग सांभाळावीच लागते. २००९ मध्ये दिसलं, की क्वेलिंगची जनुकं बिघडलेल्या वाणांत या प्रती घटतात. डीएनएला इजा झाली की याच रांगेतून छोटे आरएनए तयार होतात, हेही त्याच वर्षी कळलं. पहारेकरी आणि दुरुस्तीवाला एकच असावा, असं मला यावरून वाटतं.

‘रिप’च्या कडक पहाऱ्याची किंमतही आहे. २००३ मध्ये न्यूरोस्पोराचा जीनोम वाचला गेला, तेव्हा त्यात एकसारख्या जनुकांच्या जोड्या फारच थोड्या निघाल्या. दुबार जनुकातून नवं जनुक घडण्याची वाट तिने जवळपास बंदच केली आहे.

आरएनएने जनुकं गप्प करण्याची यंत्रणा मात्र सगळ्याच बुरशींनी राखलेली नाही. आपल्या पावातल्या यीस्टने ती गमावली. क्रिप्टोकॉकस या रोगकारक बुरशीच्या एका जातीनेही गमावली. तिच्या गुणसूत्रांचे मध्यभाग भाऊबंद जातींपेक्षा आखूड झाले आहेत आणि तिथे उड्या मारणारा, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणारा, एकही डीएनए घटक अखंड उरलेला नाही. २०१८ च्या या अभ्यासात बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राचा मोठा वाटा होता.