पातळ स्टेनलेस पाइपचे वेल्डिंग: आतल्या बाजूचे पर्जिंग कसे करावे

आमच्याकडून आर्गॉन आणि पर्जिंगचे सामान नेणाऱ्या ग्राहकांसाठी

टॉर्चमधून येणारा आर्गॉन जोडाची फक्त बाहेरची बाजू सांभाळतो. ३०४ एल किंवा ३१६ एल या स्टेनलेसच्या जातींच्या पाइपची भिंत दोन-तीन मिलिमीटरची असली की रूट पास (जोडाच्या तळाचा पहिला थर) मारताना आतली बाजूही वितळते. तिथे हवा असेल तर तापलेला धातू ऑक्सिजन खातो. वरून जोड चकचकीत दिसतो, आत मात्र काळा, दाणेदार थर बसतो. यालाच वेल्डर शुगरिंग म्हणतात. गंज रोखणारे क्रोमियम त्या थरात खर्ची पडते, खाचांत ओल आणि घाण साचते आणि पाइप तिथूनच कुजायला लागतो. दुधाच्या किंवा औषधांच्या लाइनमध्ये जिवाणूंनाही तिथे थारा मिळतो. लांब पाइपात हा थर नंतर घासून काढायला हात पोचत नाही, म्हणून तो बसूच द्यायचा नाही.

पर्जिंग म्हणजे आर्गॉन जोरात सोडणे नव्हे, आतली हवा बाहेर घालवणे. जोरात सोडलेला गॅस घुसळतो, हवेत मिसळतो आणि सिलिंडर लवकर रिकामा होतो. आर्गॉन हवेपेक्षा जड आहे. तो खालून, हळू आत घ्या आणि हवेला वरच्या बाजूने वाट ठेवा. बाहेर जाण्याचे भोक आत येणाऱ्या भोकापेक्षा लहान नको.

संपूर्ण पाइप भरत बसू नका, जोडाच्या दोन्ही बाजूंना बांध घाला. शेड्यूल १० च्या (पातळ भिंतीच्या) दोन इंची पाइपमध्ये मीटरमागे सुमारे २.४ लिटर हवा असते. सहा मीटरचा पाइप भरायचा तर आतल्या हवेच्या दहापट, म्हणजे साधारण १४० लिटर आर्गॉन लागतो. तेच दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटरवर बांध घातले तर सात-आठ लिटरमध्ये भागते. मिनिटाला आठ लिटरने पहिल्या कामाला अठरा मिनिटे, दुसऱ्याला एक मिनिट. प्रत्यक्षात थोडे जास्तच धरा.

बांधासाठी रबरी किंवा फुगवायचे प्लग चांगले, पण ते नंतर बाहेर काढता आले पाहिजेत. शेवटच्या जोडावर, जिथे काढायला वाटच उरत नाही, तिथे पाण्यात विरघळणारा कागद वापरा. हायड्रो टेस्टच्या (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीच्या) किंवा धुण्याच्या पाण्याबरोबर तो निघून जातो. कागद आचेपासून लांब हवा, १५० मिलिमीटरपेक्षा जवळ लावू नका. फोमचा बोळा तापला की धूर सोडतो, तो आम्ही सुचवत नाही.

आधी जोडाच्या कडा आत-बाहेर किमान २५ मिलिमीटर अॅसिटोनने पुसा आणि फक्त स्टेनलेससाठी वेगळा ठेवलेला ब्रश फिरवा. मग गॅप अॅल्युमिनियम टेपने बंद करा. टेपचा गोंद कडेला चिकटून राहिला तर तो वेल्डमध्ये जातो, तेवढा पुसून घ्या. टॅकसुद्धा (पाइप जागी धरून ठेवणारे छोटे वेल्ड) पर्जिंग सुरू झाल्यावरच मारायचे. न पर्ज करता मारलेला टॅक आतून काळा पडतो आणि रूट पास त्यावरून गेला तरी ती घाण वेल्डमध्येच राहते. अशा तक्रारी नेहमी टॅकच्या जागीच निघतात.

सुरुवातीला मिनिटाला ८ ते १० लिटर सोडा. बाहेर येणाऱ्या गॅसचा ऑक्सिजन मीटरने पाहा: साध्या कामाला १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) खाली, अन्न-औषधांच्या लाइनला ५० च्या खाली. बंदिस्त जागेसाठीचा साधा मीटर इथे चालत नाही. त्याची सर्वात बारीक पायरी ०.१ टक्का, म्हणजे १००० पीपीएम असते. काडी विझली म्हणजे हवा गेली, असेही धरू नका. ज्योत सुमारे १५ टक्के ऑक्सिजन असतानाच विझते.

आकडा आला की प्रवाह ३ ते ५ लिटरवर आणा आणि टेप जिथे वेल्ड करायचे तेवढीच सोलत जा. दाब फाजील झाला तर वितळलेला धातू बाहेर ढकलला जातो आणि रूट आतून खोलगट होतो. शेवटचे २५ मिलिमीटर सर्वात नाजूक: गॅप बंद होत आला की गॅसला तिथून निघता येत नाही आणि आतला दाब चढतो. तिथे प्रवाह आणखी कमी करा आणि निकासाचे भोक मोकळे आहे का ते पाहून घ्या.

आर्क बंद झाल्यावर लगेच गॅस तोडू नका. धातू साधारण २५० अंशांखाली येईपर्यंत तो आत हवाच. पातळ पाइपवर दुसरा पास असेल तर त्यालाही तो चालू ठेवा.

रूट चांदीसारखा किंवा फिकट पिवळसर दिसला तर ठीक. निळा दिसला तर ऑक्सिजन जास्त होता: नळीचे सांधे, टेप आणि बांध तपासा. साध्या रबरी नळीतून हवा आणि ओल झिरपते. ती बदलली तरी फरक दिसतो. करडा-काळा, खरखरीत रूट मात्र कापून नव्याने घ्यावा लागतो.

नायट्रोजन स्वस्त आहे आणि काही ऑस्टेनिटिक (३०४, ३१६ सारख्या) स्टेनलेसला आतून चालतो, पण टायटॅनियम असलेल्या ३२१ ला तो देऊ नका, कारण टायटॅनियमचे नायट्राइड तयार होतात. खात्री नसेल तर आर्गॉनच घ्या.

आर्गॉनला वास नसतो आणि तो खड्ड्यात, टाकीत, ट्रेंचमध्ये तळाशी साचतो. अशा जागी ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की ती जागा धोक्याची धरा; तो आणखी बराच घटला की माणूस कसलीही सूचना न मिळता कोसळू शकतो. तिथे उतरण्याआधी हवा खेळती करा, गळ्यात मीटर ठेवा आणि निकासाची नळी मोकळ्या हवेत नेऊन सोडा.