दॉइच द ला मर्त, आंरी

दॉइच द ला मर्त, आंरी : (१८४६–१९१९). फ्रेंच खनिज तेल उद्योजक आणि आरंभकालीन विमानविद्येचे आश्रयदाते. पॅरिसलगतच्या पांतँ येथे वडिलांनी सुरू केलेला तेलशुद्धीकरणाचा व्यवसाय त्यांनी भावाच्या साथीने वाढवला. खनिज तेलाचे भवितव्य दिव्यांपेक्षा एंजिनांत आहे, हे त्यांनी वेळीच ओळखले आणि त्यामुळेच ते आधी मोटारींकडे व पुढे आकाशयानांकडे वळले. त्यांच्या औदार्यात व्यापारी हिशेबही होता, हे उघड आहे. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘एअरो क्लब द फ्रान्स’ या फ्रेंच विमानविद्या संघटनेच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता.

देणगी वाटण्यापेक्षा मोजता येईल अशी अट घालून बक्षीस लावणे त्यांना अधिक पसंत होते. पॅरिसजवळच्या सँ-क्लू येथून निघून आयफेल मनोऱ्याला वळसा घालून ३० मिनिटांत परतणाऱ्यास १ लाख फ्रँक देण्याचे त्यांनी १९०० मध्ये जाहीर केले. हे अंतर सुमारे ११ किमी. होते. ब्राझीलचे वैमानिक आल्बेर्तू सांतुस-द्युमाँ यांचे वायुयान (एंजिनावर चालणारा व हवी ती दिशा देता येणारा वायुभरित फुगा) ऑगस्ट १९०१ मधील प्रयत्नात पॅरिसमधील त्रोकादेरोजवळच्या इमारतीवर कोसळले, परंतु ते स्वतः बचावले. १९ ऑक्टोबर रोजी त्यांनी अंतिम रेषा मुदतीत ओलांडली. मात्र जमिनीवरील माणसांच्या हाती यानाचा दोर येईपर्यंत मुदत उलटून गेली होती, आणि वेळ नेमकी कोठपर्यंत धरायची यावर परीक्षकांत वाद पेटला. अखेर बक्षीस सांतुस-द्युमाँ यांनाच मिळाले. त्यांनी ती रक्कम आपल्या कामगारांना व पॅरिसमधील गरिबांना वाटली आणि कारागिरांची गहाण पडलेली अवजारे सोडवून दिली.

विमानासाठी दॉइच यांनी विमानविद्येचे दुसरे आश्रयदाते एर्नेस्त आर्शदिकाँ यांच्यासमवेत ५० हजार फ्रँकांचे बक्षीस ठेवले. सरळ उडी मारून ते मिळण्यासारखे नव्हते. वळून १ किमी.चा फेरा पुरा करणे, म्हणजेच विमानावर ताबा असल्याचे दाखवणे आवश्यक होते. वैमानिक आंरी फार्मां यांनी १३ जानेवारी १९०८ रोजी विमाननिर्माते व्हुआझँ बंधूंच्या द्विपंखी विमानातून ते जिंकले.

‘पात्री’ हे लष्करी वायुयान १९०७ मध्ये वादळात भरकटून नाहीसे झाल्यावर दॉइच यांनी स्वतःचे ‘व्हील द पारी’ हे वायुयान सैन्याच्या हवाली केले. सँ-सीर येथील वायुगतिकीय संशोधनसंस्थेसाठी त्यांनी पॅरिस विद्यापीठाला ५ लाख फ्रँक दिले. विमाननिर्माते एदुआर न्यूपोर १९११ मध्ये विमान अपघातात मरण पावल्यावर त्यांची कंपनी दॉइच यांनी ताब्यात घेतली. पहिल्या महायुद्धात या कंपनीची लढाऊ विमाने दोस्त राष्ट्रांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. दॉइच यांच्या नावाच्या करंडकासाठी १९३३ ते १९३६ या काळात पुन्हा वेगस्पर्धा झाल्या आणि त्यांत एंजिनाच्या घनफळावर ८ लिटरची मर्यादा घालण्यात आली होती.