इंदूर पद्धतीचा खड्डा दोनच फुटांचा का

लांबी ३० फूट, रुंदी १४ फूट, खोली २ फूट, कडा उतरत्या. शेतातला काडीकचरा शेणासोबत कुजवून खत करण्याच्या इंदूर पद्धतीतल्या खड्ड्याची ही मूळ मापं. आज माळव्यात बागायतदार आणि नर्सरीवाले याच नावाने खड्डा खणतात तेव्हा जागा वाचावी म्हणून तो अनेकदा चार-पाच फूट खोल जातो, माल वरखाली करण्याची उलटणी मजुरांअभावी राहते, आणि सहा महिन्यांनी तळाशी काळा, आंबूस वासाचा चिखल हाती येतो. मग दोष पद्धतीला दिला जातो. म्हणून ही मापं कुठून आली ते आधी पाहायला हवं.

ही पद्धत बसवणारे इंग्रज शास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. तिथे माती, पीक, कीड असं प्रत्येकाचं खातं वेगळं होतं. हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल, त्याही वनस्पतिशास्त्रज्ञच, यांना पीक अखंडपणे अभ्यासायचं होतं, मातीपासून गोठ्यापर्यंत. ती संधी इंदुरात मिळाली. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, कापूस समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला, आणि १९२४ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ उभी राहिली. आजचं इंदूरचं कृषी महाविद्यालय तिच्याच जागेवर आहे.

काम कापसाचं होतं, पण अडचण काळ्या मातीत होती. पावसाळ्यात ही माती दबते, तिच्यात हवा खेळत नाही, मुळं गुदमरतात. मातीत कुजलेला सेंद्रिय भाग वाढवणं हा उपाय. पण शेणाच्या गोवऱ्या चुलीत जायच्या, गोमूत्र गोठ्यात जिरून वाया जायचं आणि पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जळणाला लागायच्या. थोडं शेण आणि भरपूर काडीकचरा एवढ्यावरच खत व्हायला हवं होतं. शेतावरचा कुजवण्याजोगा कचरा मातीत परत घालण्याची चीनमधली जुनी रीत हॉवर्ड यांच्या डोळ्यांसमोर होती.

सुरुवात गोठ्यातून व्हायची. बैलांखाली फरशी नाही, माती. तिचा वरचा थर मुताने भिजला की दर तीन-चार महिन्यांनी खणून काढायचा, ढेकळं फोडून साठवायचा आणि जागी नवी माती भरायची. खड्ड्याला लागणारा नत्राचा (नायट्रोजनचा) मोठा भाग या मातीतून येई. रात्री बैलांखाली मिश्र काडीकचरा अंथरायचा; सकाळी तो तुडवलेला, ओला, शेण लागलेला मिळायचा. तो वाहून न्यायला दोन बांबूंना गोणपाट ठोकून केलेली डोली असे, दोन माणसांनी उचलायची. कपाशीच्या पऱ्हाट्या टणक असतात, त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवत. गाड्यांची चाकं आणि बैलांचे खूर त्यांचा चुरा करत. यासाठी यंत्र घ्यावं लागलं नाही.

खड्ड्यात थर पातळ घालायचे, सुमारे तीन इंचांचे. प्रत्येक थरावर शेण, मुतमाती आणि लाकडाची राख पाण्यात कालवून शिंपडायची. राख आम्लता मारते. थर पायांनी चेपायचे नाहीत. खड्डा सहा दिवसांत भरून व्हायला हवा, नाहीतर एक टोक कुजून जातं आणि दुसरं कच्चं राहतं. पहिली उलटणी साधारण १६ दिवसांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. तिसरीला माल बाहेर काढून जमिनीवर ढीग करायचा. तीन महिन्यांत खत तयार. सुरुवातीला कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचं प्रमाण ३३ ला १ च्या आसपास, शेवटी १० ला १.

आता खोलीचं कारण. ढिगात वरून हवा दीड-दोन फुटांपर्यंतच पोचते. त्याखाली हवेविना चालणारे जंतू कब्जा घेतात, आणि मग माल कुजत नाही, सडतो. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत ते बरंच आहे, कारण खताचा सगळा प्रश्न याच फरकाचा आहे. वास आणि माश्या ही सडण्याची खूण. त्यावर औषध मारू नये, ढीग उलटावा. ओलावाही तसाच. मूठभर माल दाबला की हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. हिरवं गवत ताजं भरलं तर दबून त्याचा मुरघास, म्हणजे आंबलेला चारा, होतो, म्हणून आधी सुकवून कोमेजू द्यायचं. एकट्या गव्हाच्या काडाचा खड्डाही फसतो, कारण नत्र कमी पडतं; सोयाबीनचं भुसकट, तण, पालापाचोळा असं मिश्रणच हवं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, तेव्हा जमिनीवरच ८ फूट चौरस, दोन फूट उंचीचे ढीग करावेत, असं मूळ पद्धतीतच सांगितलेलं आहे. ते आज कुणी वाचत नाही याचं वाईट वाटतं.

१९३१ मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने आलं, आणि त्यावर दोन नावं आहेत: आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड. जगाने पहिलं लक्षात ठेवलं. केनियाच्या कॉफीमळ्यांपासून चहाच्या बागांपर्यंत पद्धत पोचली, ‘इंदूर’ हे नाव खताचं नाव झालं, पण वाड मागेच राहिले. निदान इंदूरच्या मराठी माणसाने तरी हे नाव घ्यावं. एप्रिल १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आले तेव्हा त्यांनी संस्थेत जाऊन हे खत पाहिलं आणि पुढे ‘हरिजन’मधून त्याचा प्रसार केला.

पद्धतीत महाग काय पडतं, तर मजूर. तीन उलटण्यांचं उत्तर पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी शोधलं. विटांची जाळीदार टाकी, १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच. हवा भिंतीच्या भोकांतून येते, म्हणून उलटणी नाही. काडीकचरा सुमारे १४०० ते १५०० किलो, शेण ९० ते १०० किलो, कोरडी माती १७५० किलो, वर शेणमातीचा लेप. वेळ मात्र ९० ते १२० दिवस. लेपाला भेगा पडल्या आणि बुजवल्या नाहीत तर नत्र उडून जातं. यात चुकतं ते इथेच. कमी जनावरांच्या बागायतदाराला ही टाकीच बरी, कारण मातीचं प्रमाण मोठं आणि शेण थोडं. भरपूर जनावरं आणि माणसं असतील तर मूळ इंदूर पद्धतीचं खत अधिक कसदार होतं.

कोणत्याही रीतीने केलं तरी तयार खत उघड्यावर ठेवू नये. तिसऱ्या महिन्यानंतर त्यात नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारं नत्र, तयार होतं, आणि एका वळवाच्या पावसात ते धुऊन खाली जातं. म्हणून ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की खड्डा भरावा, फेब्रुवारीत खत हाती घ्यावं आणि संत्र्याच्या आळ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात लगेच मातीआड करावं. लगेच जमत नसेल तर सावलीत, वर गोणपाट टाकून, ओलसर ठेवावं.