प्राण्यांतील दैनिक लय व तिचे संशोधन

झोप, जाग, भूक, शरीराचे तापमान, संप्रेरकांचे स्रवण अशा शरीरव्यापारांत सुमारे चोवीस तासांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या चढउताराला दैनिक लय किंवा सर्केडियन लय म्हणतात. सर्केडियन हा शब्द फ्रान्झ हालबर्ग यांनी १९५९ मध्ये रूढ केला. प्राण्याला अखंड अंधारात आणि एकसारख्या तापमानात ठेवले तरी ही लय चालूच राहते. फक्त तिचा आवर्तकाल नेमका चोवीस तासांचा राहत नाही. या शास्त्राचा सारा डोलारा त्या थोड्याशा फरकावर उभा आहे. लय बाहेरच्या एखाद्या दैनंदिन संकेतावर चालत असती, तर ती चोवीस तासांवरून ढळली नसती.

हा फरक पकडण्याचे सर्वांत जुने साधन अगदी साधे आहे : पिंजऱ्यातले पळण्याचे चाक. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कर्ट रिक्टर यांनी १९२० च्या दशकापासून अशा नोंदी ठेवल्या. चाकाच्या फेऱ्या आपोआप नोंदल्या जातात आणि एकेका दिवसाची पट्टी आधीच्या दिवसाखाली लावली जाते. बारा तास उजेड व बारा तास अंधार असेल, तर उंदीर दिवा विझताच पळू लागतो आणि पट्ट्यांची सुरुवात सरळ उभ्या रेषेत येते. मग दिवा कायमचा बंद करायचा. दुसऱ्या दिवसापासून उंदीर थोडा आधी उठतो, तिसऱ्या दिवशी आणखी आधी. काही आठवड्यांत ती रेषा तिरकी उतरत जाते आणि बाहेर भर दुपार असताना त्याची ‘रात्र’ सुरू होते. हॅम्स्टर या उंदरासारख्या लहान प्राण्याची रेषा त्याहून कमी तिरकी असते, कारण त्याचा आवर्तकाल चोवीस तासांच्या फार जवळ असतो.

ही रेषा रोज जागेवर कोण आणते? मुख्यतः उजेड. पॅट्रिशिया डीकोर्सी यांनी १९६० मध्ये उडत्या खारींना अंधारात ठेवून मधूनच थोडा वेळ उजेड दाखवला. खारीच्या रात्रीच्या सुरुवातीला उजेड मिळाला तर दुसऱ्या दिवशी ती उशिरा उठे. रात्र सरता सरता मिळाला तर लवकर. तिच्या स्वतःच्या दिवसात तोच उजेड जवळपास निष्प्रभ ठरे. म्हणजे उजेडाचा परिणाम तो किती आहे एवढ्यावर नव्हे, तो कधी पडला यावर ठरतो. त्याच काळात कॉलिन पिटेन्ड्रिघ यांनी फळमाश्यांवर दाखवून दिले की तापमान बदलले तरी शरीरातल्या या घड्याळाचा वेग फारसा बदलत नाही. रासायनिक क्रियांवर चालणाऱ्या यंत्रणेकडून ही अपेक्षा नसते, म्हणून हा निष्कर्ष फार मोलाचा. उजेडाखेरीज सोबतही कधी पुरते. मदुराई परिसरातील गुहांमध्ये एम. के. चंद्रशेखरन आणि सहकाऱ्यांनी पिंजऱ्यात ठेवलेली वटवाघळे मोकळ्या थव्याच्या ये-जा करण्याशी आपली लय जुळवून घेतात, असे १९८१ मध्ये नोंदवले.

घड्याळाची जागा १९७२ मध्ये सापडली. दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांच्या मेंदूत, दृक् तंत्रिका जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर असलेले अधोथॅलॅमस या भागातील चिमुकले केंद्रक (चेतापेशींचा पुंज) नष्ट केले. एका गटाने हालचाल व पाणी पिण्याची लय गेलेली पाहिली, दुसऱ्याने अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिकोस्टेरॉन या संप्रेरकाची. उंदीर पळायचे किंवा प्यायचे मात्र थांबले नाहीत. तीच कामे आता दिवसभर विखुरलेली होती. या केंद्रकजोडीत जेमतेम वीस हजार चेतापेशी असतात.

जागा सापडली, तरी घड्याळ तेच की घड्याळाकडून येणारी तार तेवढी तुटली, ही शंका उरतेच. तिचे उत्तर एका अपघाताने मिळाले. १९८८ मध्ये मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनेकर यांना बाहेरून आणलेल्या हॅम्स्टरमध्ये आखूड आवर्तकालाचा एक नर आढळला. या उत्परिवर्तनाच्या (जनुकातील बदलाच्या) दोन्ही प्रती असलेल्या वंशजांचा ‘दिवस’ सुमारे वीस तासांचा निघाला. १९९० मध्ये अशा हॅम्स्टरचे केंद्रक काढून, स्वतःचे केंद्रक गमावलेल्या सामान्य हॅम्स्टरमध्ये बसवले. लय परतली, आणि ती दात्याच्या आवर्तकालाची होती. उलट दिशेनेही तसेच घडले. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत स्वच्छ प्रयोग हाच. पुढे आढळले की अशा रोपणाने हालचालीची लय परतते, पण कॉर्टिसॉल व मेलॅटोनिन या संप्रेरकांची परतत नाही. हालचालीसाठी केंद्रकातून झिरपणारा रासायनिक संकेत पुरतो. संप्रेरकांसाठी चेतातंतूंची नेमकी जोडणी लागत असावी.

जनुकांची कथा सर्वश्रुत आहे. रोनाल्ड कोनोप्का व सेमूर बेन्झर यांनी १९७१ मध्ये तीन प्रकारच्या फळमाश्या मिळवल्या : एकीचा आवर्तकाल १९ तास, दुसरीचा २८, तिसरीला लयच नाही. तिन्ही बदल एकाच जनुकात होते. त्या जनुकापासून बनणारे प्रथिन साचून स्वतःच्याच निर्मितीला लगाम घालते, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

हेच चक्र यकृत, हृदय, इतकेच काय बशीत वाढवलेल्या पेशींतही चालते. निशाचर उंदरांना फक्त दिवसा खायला दिले, तर काही दिवसांत त्यांच्या यकृताचे घड्याळ उलटते. मेंदूतले केंद्रक मात्र उजेडाशीच इमान राखते. २०१२ मधील एका प्रयोगात तेवढाच स्निग्ध आहार रोज फक्त आठ तासांत खाणारे उंदीर दिवसभर चरणाऱ्यांपेक्षा कमी लठ्ठ झाले. यावरून माणसांसाठी जेवणाची वेळापत्रके बेतणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : सोळा तासांचा उपास उंदराला माणसापेक्षा कितीतरी जड जातो, कारण त्याचा चयापचय फार वेगवान असतो.

प्रयोगपद्धतीतली एक अडचण अजून सुटलेली नाही. उंदीर निशाचर, त्यांच्यावर काम करणारी माणसे दिवसा जागी. त्यामुळे असंख्य मोजमापे प्राण्याच्या झोपेच्या वेळी घेतली जातात. तीच जिवाणुविषाची मात्रा एका वेळी बहुतेक उंदरांचा जीव घेते आणि दुसऱ्या वेळी बहुतेक वाचतात, हे हालबर्ग यांनी १९६० मध्येच दाखवले होते. तरीही शोधनिबंधांत मोजणीची वेळ पुष्कळदा दिलेली नसते. शिवाय प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सी-५७ या वाणाच्या काळ्या उंदरांत मेलॅटोनिन जवळजवळ बनतच नाही. आणि ज्या सोनेरी हॅम्स्टरवर रोपणाचे प्रयोग झाले, तो पिंजऱ्यात पक्का निशाचर असला तरी दक्षिण तुर्कस्तानातील शेतांत त्याच्या माद्या बिळाबाहेर दिसतात त्या दिवसाउजेडी.