वॉकीटॉकी जवळ बाळगण्याचा गुन्हा आला कुठून?

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या. त्यात ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो अशी बडी नावे होती, तशी खेळणी विकणारी छोटी दुकानेही होती. विषय होता वॉकीटॉकी. संच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याला परवाना लागतो का, सरकारी मान्यता आहे का, यातले काहीही न सांगता ते सर्रास विकले जात होते. महिनाअखेरीस, ३० मे रोजी, अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही निघाल्या.

खेळण्यांच्या शेजारी मिळणारी वस्तू बेकायदा कशी, असा प्रश्न कोणालाही पडेल. गडावर जाणारे ट्रेकर, गणेश मंडळांचे कार्यकर्ते, सोसायटीचे वॉचमन, शूटिंगची युनिटे, लग्नाच्या हॉलमधले केटरर या सगळ्यांच्या हातात ती दिसते. दुकानदार रेंज सांगतो, बॅटरी किती टिकेल ते सांगतो. कायद्याचे तो बोलत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. भारतात मात्र संचाची निवड तिथूनच सुरू करावी लागते. आपल्याकडे परवान्याशिवाय रेडिओ यंत्र वापरणेच नव्हे, नुसते जवळ असणेही नव्वद वर्षांपासून गुन्हा मानले गेले आहे. जे चालते ते सरकारने दिलेल्या सवलतीपुरतेच चालते.

याची मुळे वॉकीटॉकीत नाहीत, घरातल्या साध्या रेडिओत आहेत. १८८५ च्या तार कायद्याने तारयंत्रणा उभारायची किंवा चालवायची तर सरकारची परवानगी लागू लागली. पुढे बिनतारी यंत्रेही त्याच कायद्याखाली आली. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. ऐकणाऱ्याने वर्षाला दहा रुपये भरून लायसन घ्यायचे होते. दहा रुपये तेव्हा थोडेथोडके नव्हते, त्यामुळे फी न भरता ऐकणारे पुष्कळ निघाले. कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि तिचा गाडा सरकारच्या गळ्यात आला. आता महसूल सरकारचाच बुडत होता, आणि अडचण होती ती पुराव्याची. तार कायद्याखाली गुन्हा होता तो यंत्र चालवण्याचा. माणूस घरात बसून खरोखर रेडिओ ऐकत होता हे सिद्ध कसे करायचे?

त्यावर सरकारने काढलेला तोडगा म्हणजे १९३३ चा इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायदा. तो १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला. त्याचे तिसरे कलम एका वाक्याचे आहे: परवान्याशिवाय कोणीही बिनतारी यंत्र बाळगायचे नाही. यंत्र घरात सापडले की पुरे, ते चालू होते की बंद हा प्रश्नच मिटला. चौथ्या कलमाने सरकारला सवलत देण्याचा अधिकार दिला. पहिल्या गुन्ह्याला दंड शंभर रुपयांपर्यंत. म्हणजे हे कलम हेरांसाठी आलेच नव्हते, ते फी चुकवणाऱ्या श्रोत्यांसाठी होते. मर्फी किंवा बुशचा रेडिओ ज्यांच्या घरी होता, त्यांना ती लायसनची पुस्तिका आठवत असेल. दरवर्षी पोस्टात जायचे, पैसे भरायचे, पुस्तिकेत तिकिटे चिकटवून त्यांवर शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात ही लायसने गेली. कलम मात्र तसेच राहिले.

मधल्या काळात त्याला दात फुटले होते. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी रेडिओवाल्यांचे परवाने स्थगित झाले आणि संच जमा करायला सांगितले गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र सुरू झाले. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरच्या लहरीवरून बोलत आणि पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा बदलत राहत. १२ नोव्हेंबरला गिरगावात छापा पडेपर्यंत हा खेळ चालला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. लोकांच्या हातातला ट्रान्समीटर काय करू शकतो हे राज्यकर्त्यांना तेव्हा पुरते उमगले. गंमत अशी की ते गोऱ्या साहेबापुरते राहिले नाही. विनापरवाना ट्रान्समीटर बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ही वेगळी तरतूद १९३३ च्या कायद्यात आली ती स्वातंत्र्यानंतर. त्याच स्वतंत्र देशाने पुढे, १९९८ मध्ये, उषाताईंना पद्मविभूषण दिले.

वॉकीटॉकी हे यंत्र याच युद्धाचे अपत्य. कॅनडात डोनाल्ड हिंग्ज आणि अमेरिकेत अल ग्रॉस यांनी १९३० च्या दशकाअखेरीस हातातले संच बनवले होते. पुढे मोटोरोला झालेल्या गॅल्विन कंपनीने अमेरिकी सैन्याला दोन संच दिले: पाठीवर बांधायचा एससीआर-३०० आणि हातात धरायचा एससीआर-५३६. वॉकीटॉकी हे नाव आधी पाठीवरच्या संचाला होते. हातातल्याला हँडीटॉकी म्हणत. लोकांच्या तोंडी राहिले ते पहिलेच.

युद्ध संपता संपता अमेरिकेने जे केले ते आपल्या नेमके उलट होते. तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने १९४५ मध्ये सामान्य नागरिकांसाठी रेडिओ सेवा जाहीर केली. पहिला पट्टा ४६० ते ४७० मेगाहर्ट्झचा होता, आणि निर्वात नळ्यांच्या जमान्यात तिथे चालणारे संच फार महाग पडत. म्हणून १९५८ मध्ये हौशी मंडळींच्या ताब्यातला २७ मेगाहर्ट्झचा तुकडा काढून नागरिकांना दिला गेला. हाच तो सिटिझन बँड, म्हणजे सीबी. १९७३ च्या तेलटंचाईत अमेरिकेत वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली आणि डिझेल कुठे मिळते, पोलीस कुठे उभे आहेत हे ट्रकचालक एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. त्यानंतर जी लाट उसळली तिने नियमांनाच वाहून नेले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावाने सीबीवर बोलत. १९७७ मध्ये २३ चॅनेलची ४० झाली. लायसन घ्यायला फारसे कोणी जात नव्हतेच, तेव्हा १९८३ मध्ये एफसीसीने तो नादच सोडला. १९९६ मध्ये एफआरएस नावाची कौटुंबिक सेवा आली. ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे संच, तेही परवान्याविना.

युरोपने वेगळा पट्टा निवडला. १९९८-९९ पासून तिथे ४४६ मेगाहर्ट्झवर पीएमआर-४४६ नावाची परवानामुक्त सेवा सुरू झाली. शक्ती अर्धा वॉट, अँटेना संचालाच जोडलेली, काढून दुसरी लावायची नाही. ४४६ हा आकडा लक्षात ठेवावा, कारण आपल्याकडे तोच येणार होता.

भारतात या बाबींचे दप्तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन) शाखेकडे आहे. १९५२ पासून लहरींचे वाटप तिच्याकडेच. खासगी माणसाला दोन संचांवर बोलायचे असेल तर तीच लांबलचक वाट होती: अर्ज, फ्रिक्वेन्सीचे वाटप, स्वामित्वशुल्क, चालवण्याचा परवाना. कारखान्याला किंवा सिक्युरिटी एजन्सीला हे जमते, घरातल्या चौघांना नाही. २००५ मध्ये १९३३ च्या कायद्यातल्या चौथ्या कलमाचे दार नागरिकांसाठी किलकिले झाले आणि २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा सीबी पट्टा परवानामुक्त झाला. शक्ती पाच वॉटपर्यंत, अँटेना संचातच बसवलेली.

सवलत चांगली, पण वेळ चुकली. अमेरिकेतली सीबीची लाट ओसरून दोन दशके झाली होती आणि आपल्याकडे मोबाइल खिशाखिशात पोचत होता. दुसरी अडचण भौतिकशास्त्राची. २७ मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटरची, तिची पाव लांबीची अँटेना पावणेतीन मीटर भरते. ती हातातल्या संचात बसवायची म्हणजे गुंडाळी करून आखडावी लागते, आणि मग शक्ती वाया जाते. ४४६ वर हीच पाव लांबी १७ सेंटीमीटर होते, रबरी शेपटीएवढी. म्हणून हातातले छोटे संच वरच्या पट्ट्यांत गेले, आणि भारतात नेमके तिथेच दार बंद होते. ते उघडायला ऑक्टोबर २०१८ उजाडले. कमी शक्तीच्या यंत्रांसाठीच्या त्या नियमांत ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा झाला. युरोपनंतर वीसेक वर्षांनी.

तोवर बाजाराने वाट पाहिली नव्हती. २०१२ च्या सुमारास चीनच्या बाओफेंग कंपनीचा यूव्ही-५आर आला. स्वस्त, चार-पाच वॉटचा, १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही लावता येणारा. यंत्र म्हणून त्याचे कौतुकच करावे लागेल. पण ‘कुठेही’ यात पोलीस, अग्निशमन, रेल्वे असे कोणीही आले. आणि हा संच ४४६.००६२५ वर लावून बोलले तरी सवलत मिळत नाही, कारण ती कमी शक्तीच्या आणि मान्यताप्राप्त यंत्राला आहे. आकडा जुळवून काम भागत नाही. ‘मी फक्त ४४६ वरच बोलतो’ असे सांगणारे भेटतात, त्यांची गफलत इथेच होते.

दुसरी फसगत नात्यागोत्यातून येते. न्यू जर्सीचा भाऊ किंवा कॅलिफोर्नियातली मावशी सुट्टीला येताना मुलांसाठी संचांची जोडी आणते. तिकडे ती पूर्णपणे कायदेशीर असते, दुकानात चॉकलेटांसारखी टांगलेली. पण खोक्यावर बारीक अक्षरात ४६२.५६२५ असे काही लिहिलेले असते. ते एफआरएस झाले, आणि एफआरएसला भारतात सवलत नाही. युरोपातून आलेल्या ४४६ च्या जोडीची फ्रिक्वेन्सी जुळते, मात्र इथल्या मान्यतेचा प्रश्न तिलाही असतो.

नुसते जवळ असणे म्हणजे काय, याचा दाखला डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात मिळाला. दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन महिलेच्या सामानात गार्मिन इनरीच सापडले. डोंगरात वाट चुकल्यास उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे हे छोटे यंत्र तिने लपवलेही नव्हते, तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवले होते. तरी प्रकरण पोलिसांकडे गेले. वॉकीटॉकी आणि उपग्रह संदेशयंत्र या वेगळ्या गोष्टी, पण कायद्याची नजर एकच.

मग घ्यायची कोणती? चौघांच्या ट्रेकसाठी किंवा दोन गाड्यांच्या प्रवासासाठी उत्तर साधे आहे: ४४६.० ते ४४६.२ मध्येच चालणारा आणि डब्ल्यूपीसीची ईटीए ही यंत्रमान्यता असलेला संच. मे २०२५ च्या सूचनांनुसार फ्रिक्वेन्सी आणि मान्यता दोन्ही विक्रेत्याने सांगायची आहेत. जिथे त्याऐवजी ‘दहा किलोमीटर रेंज’ ठळक अक्षरात असते, तिथून पुढे जावे. अर्ध्या वॉटची लहर दिसते तिथवर जाते. राजगडाच्या संजीवनी माचीवरून समोर तोरण्याच्या बुधला माचीवर बोलणे होऊ शकते, आणि त्याच गडावर दोनशे मीटरवरचा सोबती कड्याआड गेला की तुटते. शहरात इमारतींच्या गर्दीत एक किलोमीटर मिळाला तर नशीब. ‘प्रायव्हसी कोड’ या शब्दावरही भिस्त ठेवू नये. त्या कोडमुळे दुसऱ्यांचा आवाज आपल्या संचात येत नाही, आपले बोलणे मात्र त्या चॅनेलवरच्या कोणालाही ऐकू येते.

याहून लांबचे हवे असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची वाट आहे. १९७८ च्या नियमांनुसार वयाची बारा वर्षे पुरी झालेल्या कोणालाही परीक्षा देऊन परवाना घेता येतो. मुंबईकरांसाठी परीक्षेचे ठिकाण बोरिवलीच्या गोराईतले सरकारी बिनतारी देखरेख केंद्र. हॅमला १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ मिळतात, आणि तिथे तोच यूव्ही-५आर प्रकारचा संच परवान्याच्या चौकटीत येऊ शकतो. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हौशी मंडळींचा एक गट संपर्काच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होता, आणि फोन बंद पडल्यावर बेटांवरून मुख्य भूमीवर निरोप पोचवायचे काम त्याने केले. पण हॅम म्हणजे वॉकीटॉकीला पर्याय नव्हे. बोलणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना लागतो आणि धंद्याचे बोलणे चालत नाही. मंडळाला, केटररला, सिक्युरिटीवाल्याला जास्त शक्ती हवी तर दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरचा रीतसर परवाना हीच वाट.

१९३३ चा कायदा आता मोडीत निघतो आहे. २०२३ चा दूरसंचार कायदा त्याची आणि १८८५ च्या कायद्याची जागा घेतो आहे. जून २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला. विनापरवाना रेडिओ यंत्र बाळगणे त्यातही चुकीचेच आहे, फक्त कैदेऐवजी दंड ठरला आहे: पहिल्या वेळी पन्नास हजारांपर्यंत, नंतर दर वेळी दोन लाखांपर्यंत. सवलत देण्याचा अधिकार याही कायद्यात सरकारकडे आहे. जुन्या कायद्यांखालचे नियम नव्याशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात, आणि ४४६ ची २०१८ सालची सवलत सध्या त्याच आधारावर उभी आहे.